आपत्कालीन वैद्यकातील तात्पुरते करारकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायम नोकरी सोडून, किंवा तिच्या जोडीने, तात्पुरत्या करारावर काम करू पाहणारे इमर्जन्सी डॉक्टर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला पायाभूत प्रश्न आहेत आणि अडचणीचे, अपवादाचे प्रश्न शेवटाकडे आहेत. नियम देशागणिक बदलतात, म्हणून जेथे एखादा नियम निर्णायक ठरतो तेथे देशाचे नाव दिले आहे. एकाच मुद्द्याचे उत्तर दोनदा देण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तात्पुरते करारकाम म्हणजे नेमके काय?

कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेलेले असते, कोणी राजीनामा दिलेला असतो, नवी नेमणूक लांबलेली असते, किंवा साथीच्या दिवसांत असलेले मनुष्यबळ पुरत नसते. अशा वेळी रुग्णालय काही शिफ्टसाठी, काही आठवड्यांसाठी किंवा काही महिन्यांसाठी बाहेरच्या डॉक्टरशी करार करते. यालाच व्यवहारात लोकम काम म्हणतात. मोबदला बहुधा तासावर किंवा शिफ्टवर ठरतो, पगारी रजा व निवृत्तिवेतन यांसारखे लाभ बहुधा नसतात, आणि ठरलेली मुदत संपली की दोन्ही बाजू मोकळ्या होतात. तात्पुरती असते ती नेमणूक. समोरच्या रुग्णाबद्दलची वैद्यकीय व कायदेशीर जबाबदारी कायम डॉक्टरइतकीच पूर्ण असते आणि ती करार संपल्यावरही मागे राहते (प्रश्न ८ आणि २० पाहावेत).

२. हे काम आपत्कालीन वैद्यकाला इतर शाखांपेक्षा अधिक जुळते असे का म्हणतात?

कारण या शाखेचे काम मुळातच शिफ्टमध्ये विभागलेले आहे. शल्यचिकित्सकाला आपण केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा पाठपुरावा करावा लागतो आणि फॅमिली डॉक्टरकडे वर्षानुवर्षांचे रुग्ण असतात. आपत्कालीन विभागात मात्र शिफ्ट संपताना नीट हँडओव्हर दिला की रुग्णाची काळजी दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. शिवाय हा विभाग दिवसरात्र उघडा असतो, त्यामुळे रोस्टरमधली मोकळी जागा पुढच्या आठवड्यावर ढकलता येत नाही आणि ती कोणीतरी भरावीच लागते.

करारावर काम करणे या शाखेला परकेही नाही. अमेरिकेत १९६१ साली व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे डॉ. जेम्स मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपापला खाजगी व्यवसाय सोडून एका रुग्णालयाचा आपत्कालीन कक्ष पूर्णवेळ सांभाळण्याचे काम अंगावर घेतले. स्वतंत्र शाखा म्हणून तेथे मान्यता मिळाली ती १९७९ मध्ये, आणि भारतीय वैद्यक परिषदेने ती दिली २००९ मध्ये. म्हणजे विशेषज्ञता मान्य होण्याच्या कितीतरी आधीपासून डॉक्टर हा विभाग रुग्णालयाशी करार करून चालवत होते.

कामाची रचना जुळते, एवढ्याने ते काम प्रत्येक डॉक्टरला जुळेल असे ठरत नाही. अनोळखी जागी, अनोळखी सहकाऱ्यांबरोबर, पहिल्याच तासात अत्यवस्थ रुग्ण आला तरी डोके शांत ठेवता येणे ही वेगळी क्षमता आहे आणि तिचा अंदाज स्वतःचा स्वतःलाच घ्यावा लागतो.

३. पदव्युत्तर शिक्षण संपताच थेट करारकाम सुरू केले तर चालेल का?

नियमानुसार बहुतेक ठिकाणी चालते. तरीही आमचे मत असे आहे की पहिली दोन-तीन वर्षे एकाच विभागात काढावीत. याचे कारण अभिप्रायात आहे. घरी पाठवलेला पोटदुखीचा रुग्ण दोन दिवसांनी कोणत्या अवस्थेत परत आला, ज्याच्या छातीतल्या दुखण्याला आपण स्नायूंचे दुखणे म्हटले त्याचे पुढे काय झाले, हे कळल्याखेरीज निदानातील स्वतःचे कच्चे दुवे दिसत नाहीत. कायम विभागात ही माहिती मृत्यू-गुंतागुंत बैठकांतून (जेथे मृत्यू किंवा गुंतागुंत झालेल्या रुग्णांची चर्चा होते), सहकाऱ्यांच्या बोलण्यातून आणि परत आलेल्या रुग्णांकडून आपोआप मिळत राहते. करारावरचा डॉक्टर तोवर दुसऱ्या शहरात गेलेला असतो. शिक्षणानंतरच्या पहिल्या वर्षांत निर्णयशक्ती सर्वाधिक घडत असते, आणि नेमक्या त्याच काळात हा अभिप्राय तुटणे ही मोठी हानी आहे, मग मोबदला कितीही आकर्षक असो.

आर्थिक किंवा कौटुंबिक कारणाने लगेच करारकाम घ्यावेच लागणार असेल, तर एकाच वेळी दोन डॉक्टर असतात असा विभाग निवडावा, एका किंवा फार तर दोन रुग्णालयांतच पुन्हा पुन्हा काम करावे, आणि तेथील वरिष्ठांना आपल्या रुग्णांपैकी जे परत आले त्यांची माहिती देण्याची विनंती पहिल्याच दिवशी करावी. अशी विनंती केल्याने कोणी तुम्हाला कमी लेखत नाही. उलट असा डॉक्टर विभागप्रमुखांच्या लक्षात राहतो.

४. एजन्सीमार्फत काम घ्यावे की थेट रुग्णालयाशी करार करावा?

एजन्सी काम शोधते, कागदपत्रांचा पाठपुरावा करते, प्रवास व निवासाची सोय पाहते आणि अनेकदा विमाही देते. त्याबदल्यात रुग्णालय मोजत असलेल्या रकमेचा काही भाग ती ठेवते. थेट करारात तो भाग वाचतो, परंतु विमा, कर आणि थकीत रकमेची वसुली हे सारे स्वतःकडे येते. नव्या माणसाने पहिल्या करारासाठी एजन्सी घ्यावी आणि करारांची भाषा समजू लागल्यावर ओळखीच्या रुग्णालयाशी थेट बोलावे, हा क्रम आम्हाला शहाणपणाचा वाटतो. मात्र ज्या रुग्णालयाशी ओळख एजन्सीनेच करून दिली त्याच्याशी थेट करार करण्यावर बंधन असू शकते (प्रश्न १७).

एक खबरदारी प्रत्येकाने घ्यावी. तुमची माहिती कोणत्या रुग्णालयाकडे पाठवायची याची परवानगी दर वेळी, त्या-त्या रुग्णालयाच्या नावानिशी, लेखी द्यावी. सरसकट परवानगी दिली तर दोन एजन्सी एकाच रुग्णालयाकडे तुमचे नाव पाठवतात, मग मोबदल्याचा हक्क कोणाचा यावर त्यांच्यात वाद होतो आणि रुग्णालय त्या वादात न पडता दुसरा डॉक्टर घेते.

५. परवाना आणि क्रेडेन्शियलिंग यांना किती वेळ लागतो?

या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. परवाना किंवा नोंदणी शासकीय संस्था देते, तर क्रेडेन्शियलिंग म्हणजे त्या विशिष्ट रुग्णालयाने तुमची पात्रता मूळ संस्थांकडून पडताळून, तुम्ही तेथे कोणकोणत्या प्रक्रिया करू शकता हे ठरवणे. अमेरिकेत परवाना राज्यागणिक वेगळा लागतो. अनेक राज्यांनी मिळून केलेला परवान्याचा आंतरराज्य करार २०१७ पासून प्रत्यक्षात आला असून पात्र डॉक्टरांना त्यातून दुसऱ्या राज्याचा परवाना लवकर मिळतो, तरी तो प्रत्येक राज्याचा वेगळा परवानाच असतो. नियंत्रित औषधांची केंद्रीय नोंदणीसुद्धा राज्याशी बांधलेली असते आणि हीच गोष्ट अनेकांच्या शेवटच्या क्षणी ध्यानात येते. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलची एकच नोंदणी देशभर चालते आणि ऑस्ट्रेलियात २०१० पासून राष्ट्रीय नोंदणी आहे. भारतात नोंदणी राज्य वैद्यक परिषदेकडे होते.

परवाना हातात असला तरी क्रेडेन्शियलिंगला दोन ते चार महिने सहज लागतात. म्हणून पुढच्या महिन्यापासून काम मिळेल या भरवशावर आजच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.

६. कोणती कागदपत्रे कायम तयार ठेवावीत?

पदव्या व प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, सर्व परवाने, लसीकरणाच्या व क्षयरोग तपासणीच्या नोंदी, मागील विम्यांच्या पॉलिसी व दाव्यांचा इतिहास, गेल्या काही वर्षांत केलेल्या प्रक्रियांची यादी आणि प्रत्यक्ष काम पाहिलेल्या तीन-चार सहकाऱ्यांची नावे एकाच फाइलमध्ये असावीत. एसीएलएस (प्रौढांचे प्रगत जीवरक्षण) व पीएएलएस (मुलांचे प्रगत जीवरक्षण) प्रमाणपत्रांची मुदत दोन वर्षे आणि एटीएलएसची (गंभीर जखमींवरील उपचार) चार वर्षे असते, ती संपण्याच्या तारखा डोळ्यांपुढे राहतील अशा लिहून ठेवाव्यात. नोकऱ्यांमधील प्रत्येक खंडाचे कारण विचारले जाते, तेही लिहिलेले असले की वेळ वाचतो.

७. करार वाचताना कोणत्या कलमांवर बोट ठेवून थांबावे?

सर्वप्रथम शिफ्ट रद्द करण्याच्या कलमावर. रुग्णालयाने ठरलेली शिफ्ट किती दिवस आधी रद्द केली तर मोबदला द्यावा लागेल, हे लिहिलेले नसेल तर त्याचा अर्थ असा की आदल्या रात्रीही ती रद्द होऊ शकते आणि तुमच्या हाती काही पडणार नाही. अनेक करारांत डॉक्टरने माघार घेतल्यास दंड असतो, पण रुग्णालयाने माघार घेतल्यास काहीच नसते. ही सूचना-मुदत दोन्ही बाजूंना सारखी असावी असा आग्रह धरावा. असा आग्रह बऱ्याचदा मान्यही होतो, फक्त तो सही करण्यापूर्वी धरावा लागतो.

दुसरे, शिफ्ट संपल्यानंतरच्या वेळेचे काय? इमर्जन्सी डॉक्टर घड्याळाच्या ठोक्याला उठून जाऊ शकत नाही. अर्धवट झालेली प्रक्रिया, हँडओव्हर आणि नोंदी यांत तास-दीड तास जातो, आणि तो मोजला जाणार की नाही हे करारात स्पष्ट असावे. तिसरे, कामाची व्याप्ती. वॉर्डातील कार्डिअॅक अरेस्टला धावायचे आहे का, भरती रुग्णांचे रात्रीचे आदेश लिहायचे आहेत का, इतरांच्या नोंदींवर सही करायची आहे का (प्रश्न १८)? तोंडी आश्वासन देणारा माणूस तुमच्या पहिल्या शिफ्टपर्यंत त्या पदावर असेलच असे नाही, म्हणून जे ठरले ते कागदावर यावे. विम्याच्या कलमासाठी प्रश्न ८ आणि पुढील नोकरीवरील बंधनासाठी प्रश्न १७ पाहावा.

८. विमा आहे असे सांगितले जाते. मग 'क्लेम्स-मेड' आणि 'टेल' यांची काळजी मी का करावी?

कारण वैद्यकीय निष्काळजीपणाचा दावा घटनेनंतर लगेच येत नाही. तो वर्षा-दोन वर्षांनी येऊ शकतो आणि रुग्ण लहान मूल असेल तर अनेक कायद्यांत मुदतीची मोजणी ते सज्ञान होईपर्यंत लांबते. तोवर तुम्ही त्या रुग्णालयात नसता, कधी एजन्सीही बदललेली असते.

विम्याचे दोन प्रकार आहेत. 'ऑकरन्स' पॉलिसीत घटना पॉलिसीच्या काळात घडलेली असली की पुरते, दावा पुढे केव्हाही आला तरी संरक्षण मिळते. 'क्लेम्स-मेड' पॉलिसीत घटना आणि दावा दोन्ही पॉलिसी चालू असतानाच यावे लागतात, म्हणजे पॉलिसी बंद झाल्यावर आलेला दावा उघड्यावर पडतो. हे अंतर भरून काढणारे वाढीव संरक्षण म्हणजे टेल. अमेरिकेत त्याची किंमत वार्षिक हप्त्याच्या दुपटीच्या आसपास जाते, त्यामुळे ते कोण भरणार हा करारातील सर्वांत महागडा प्रश्न ठरू शकतो. 'टेल एजन्सी देईल' एवढे वाक्य पुरेसे मानू नये. करार कोणत्याही कारणाने संपला तरी ती देईल, आणि एजन्सी बंद पडली तरी संरक्षण टिकेल, हे स्पष्ट असावे. अमेरिकेत २०२३ मध्ये आपत्कालीन विभाग चालवणारी एक मोठी कंपनी बंद झाली तेव्हा तिच्या डॉक्टरांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. विम्याची मर्यादा तुमच्या एकट्याची आहे की अनेक डॉक्टरांत वाटलेली, आणि दावा तडजोडीने मिटवण्यापूर्वी तुमची संमती घेतली जाईल का? अमेरिकेत डॉक्टरच्या वतीने दिलेली भरपाई १९९० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय नोंदकोशात जाते आणि पुढच्या प्रत्येक क्रेडेन्शियलिंगमध्ये ती दिसते, म्हणून विमा कंपनीने आपल्या सोयीने केलेली तडजोड तुमच्या नावावर कायमची राहते.

ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयातील उपचारांबद्दलचे दावे रुग्णालयाच्या संरक्षणात येतात. परंतु जनरल मेडिकल कौन्सिलची चौकशी त्या संरक्षणात येत नाही, त्यासाठी वैद्यकीय संरक्षण संस्थेचे वैयक्तिक सदस्यत्व हवे.

९. तासाचा दर कायम नोकरीपेक्षा बराच जास्त दिसतो. हाती खरोखर तेवढे पडते का?

बहुतेक वेळा पडते, पण दिसते त्याहून कमी. पगारी रजा, आजारपण, निवृत्तीची तरतूद, आरोग्यविमा, परिषदा व परवान्यांचे शुल्क हे सारे त्याच दरातून जाते. प्रवासाचे तास आणि क्रेडेन्शियलिंगची वाट पाहण्यात गेलेले आठवडे बिनमोबदल्याचे असतात. दोन प्रस्तावांची तुलना तासाच्या दरावर करू नये. वर्षभरात प्रत्यक्ष किती तास काम मिळेल त्याचा सावध अंदाज घेऊन वर्षाच्या रकमेवर करावी.

कराचा भाग देशागणिक वेगळा आहे. अमेरिकेत स्वतंत्र कंत्राटदाराला सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) यांचा मालक व कर्मचारी अशा दोन्ही बाजूंचा वाटा, मिळून १५.३ टक्के, स्वतः भरावा लागतो (त्यातील सामाजिक सुरक्षेचा भाग उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच लागू होतो) आणि कर दर तिमाहीला आगाऊ भरावा लागतो. तेथे एकाच ठिकाणचे काम वर्षापेक्षा अधिक चालणार असे दिसू लागले की ते तात्पुरते मानले जात नाही आणि प्रवास-निवासाच्या खर्चाची वजावट जाते. ब्रिटनमध्ये सरकारी क्षेत्रात २०१७ पासून, तुम्ही स्वतःच्या कंपनीमार्फत काम करत असलात तरी करापुरते कर्मचारी ठरता की नाही, हे काम देणारी संस्था ठरवते. भारतात व्यावसायिक शुल्कातून दहा टक्के टीडीएस कापला जातो, पण अंतिम कर त्याहून अधिक असू शकतो, याचा विसर पडून वर्षाअखेरीस धावपळ होते. अशा कामाची सवय असलेला कर-सल्लागार पहिल्या कराराआधी गाठावा.

काम करण्याची शारीरिक क्षमता गेली तर उत्पन्न देणारा विमाही स्वतःच घ्यावा लागतो. मनगटाच्या साध्या अस्थिभंगानेही इमर्जन्सी डॉक्टर काही महिने घरी बसू शकतो.

१०. काम अचानक आटले तर?

हे घडते. अमेरिकेत २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, आपत्कालीन विभागांतील रुग्णसंख्या आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ४२ टक्क्यांनी घसरली होती. त्या वेळी माणसे रुग्णालयात यायलाच घाबरत होती. अशा काळात रुग्णालय पहिली कात्री तात्पुरत्या शिफ्टना लावते. म्हणून सहा महिन्यांच्या घरखर्चाची शिल्लक, एकाहून अधिक रुग्णालयांत चालू असलेले क्रेडेन्शियलिंग आणि प्रश्न ७ मधील शिफ्ट रद्द करण्याचे कलम या तिन्हींची तजवीज काम भरपूर असतानाच करावी.

११. नव्या रुग्णालयातील पहिल्या शिफ्टपूर्वी काय जाणून घ्यावे?

या कामातला खरा धोका येथेच आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबले आहे. करारावरच्या डॉक्टरला वैद्यक ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ते हे की रात्री दोन वाजता या इमारतीत काय मिळते आणि काय मिळत नाही. एसटी-एलिव्हेशन हार्ट अटॅकचा (हृदयाची धमनी गुठळीने बंद झालेला) रुग्ण आला तर अँजिओप्लास्टी येथे होते का, नसेल तर कोठे पाठवायचे आणि तेथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे आधी माहीत असावे, कारण पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारे औषध देण्याचा निर्णय तुम्हालाच घ्यायचा असतो. पक्षाघातात तर घड्याळ आणखी कठोर असते. रात्री सीटी चालू असतो का, तो वाचतो कोण, मेंदूविकारतज्ज्ञ फोनवर किंवा पडद्यावर मिळतात का, हे रुग्ण आल्यावर विचारायचे प्रश्न नव्हेत.

रक्तपेढी इमारतीत आहे की बाहेर, ओ निगेटिव्हच्या पिशव्या किती असतात, भूलतज्ज्ञ घरून यायला किती वेळ घेतात, नवजात बालकासाठी लागणारी सामग्री कोणत्या कपाटात आहे, मनोरुग्णाला सुरक्षित ठेवण्याची जागा कोणती, हेही विचारावे. आणि विचारून थांबू नये. श्वासमार्गाची ट्रॉली स्वतः उघडून पाहावी, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (श्वासनळीत नळी घालताना घसा पडद्यावर दाखवणारे उपकरण) चालू करून पाहावा, डिफिब्रिलेटर कोणत्या बनावटीचा आहे आणि पेसिंग (विद्युतस्पंदांनी हृदयाचे ठोके चालू ठेवणे) कोठून सुरू होते हे हात लावून पाहावे. यासाठी पहिल्या शिफ्टला तासभर आधी पोहोचावे. संगणकप्रणालीचा पासवर्ड चालतो की नाही हे आदल्या दिवशी तपासावे, कारण भरल्या विभागात पासवर्डसाठी फोनवर थांबलेला डॉक्टर कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या शिफ्टच्या प्रमुख परिचारिकेशी पाच मिनिटे बोलावे. येथे कोणत्या गोष्टीत वेळ जातो, कोणत्या विशेषज्ञांना लवकर कळवावे लागते, मागच्या तात्पुरत्या डॉक्टरांना कशात अडचण आली, हे तिला ठाऊक असते आणि विचारले की ती मोकळेपणाने सांगते. अनोळखी विभागात याहून चांगला मार्गदर्शक मिळत नाही.

१२. तात्पुरत्या डॉक्टरांमुळे रुग्णांचे नुकसान होते का?

अमेरिकेत मेडिकेअरच्या रुग्णांवरील एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णालयात भरती झालेल्यांपैकी तात्पुरत्या डॉक्टरांनी उपचार केलेल्यांत तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ८.८३ टक्के आणि इतरांत ८.७० टक्के आढळले, म्हणजे अर्थपूर्ण फरक नव्हता. मात्र तात्पुरत्या डॉक्टरांचे रुग्ण थोडे अधिक दिवस भरती राहिले आणि त्यांचा खर्चही अधिक झाला. जी रुग्णालये असे डॉक्टर क्वचितच घेतात तेथे मृत्यूचे प्रमाण मात्र अधिक दिसले, आणि आमच्या मते या अभ्यासातील हा भाग सर्वाधिक मोलाचा आहे, कारण बाहेरच्या डॉक्टरला सामावून घेण्याची सवय नसलेल्या जागी धोका वाढतो असे त्यातून सुचते. हा अभ्यास अंतर्गत वैद्यकाच्या (जनरल मेडिसिनच्या) डॉक्टरांचा होता, आपत्कालीन विभागाचा नव्हता. म्हणून त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नये, पण काम निवडताना 'येथे तात्पुरते डॉक्टर नेहमी येतात का?' हे जरूर विचारावे.

१३. लहान गावातल्या, एकट्याने सांभाळायच्या विभागात काम घ्यावे का?

अनुभव पुरेसा असेल तर जरूर घ्यावे. गरज तेथेच सर्वाधिक असते आणि तुमच्या असण्याने फरक पडतो हे तेथे रोज दिसते. मात्र बाळंतपण, लहान मुले, अवघड श्वासमार्ग आणि भाजलेले रुग्ण यांपैकी कशाचीही सवय मोडली असेल तर ती आधी ताजी करावी. दुसऱ्या रुग्णालयात हलवण्याची पद्धत पाठ असावी. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करून, आपल्या क्षमतेत असेल तेवढे स्थिरीकरण करून, स्वीकारणाऱ्या रुग्णालयाची संमती घेऊनच रुग्ण हलवता येतो, आणि तुम्ही कालच रुजू झालात ही सबब तेथे चालत नाही. चोवीस तासांची शिफ्ट असेल तर रात्री सरासरी किती रुग्ण येतात हा आकडा मागून घ्यावा. 'रात्री झोप मिळते' या शब्दावर विसंबू नये.

१४. प्रवास आणि रात्रपाळ्या यांचा थकवा कसा सांभाळावा?

सलग सतरा तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखी खालावते, हे १९९७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगाने दाखवले. रात्रपाळीनंतर लगेच लांबचा रस्ता स्वतः गाडी चालवत कापणे हा या कामातील सर्वांत टाळता येण्याजोगा धोका आहे. शेवटच्या रात्रीनंतरची झोपही निवासाच्या खर्चात धरली जावी, असे करारात लिहून घ्यावे. दोन रुग्णालयांच्या शिफ्ट पाठोपाठ लावू नयेत. कायम विभागात रोस्टर बनवणारा माणूस असे जुळवू देत नाही. येथे रोस्टर तुम्हीच बनवता आणि अडवणारे कोणी नसते.

१५. प्रमाणपत्रांचे नूतनीकरण आणि मूल्यमापन कसे होते?

ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१२ पासून पाच वर्षांच्या चक्राने डॉक्टरच्या परवान्याची पुनर्वैधता आहे आणि दरवर्षी मूल्यमापन लागते. कायम नोकरी नसेल तर हे काम कोणती संस्था करणार, याचे उत्तर काम स्वीकारण्यापूर्वी मिळवावे. काही एजन्सी ते करतात, सगळ्या करत नाहीत. इतर देशांतही प्रक्रियांची नोंदवही स्वतः राखणे हाच उत्तम मार्ग आहे, कारण पाच रुग्णालयांत विखुरलेले तुमचे काम दुसरे कोणी एकत्र करून देणार नाही. अभिप्रायासाठी प्रश्न ३ पाहावा.

१६. मी परदेशात व्हिसावर आहे. मला असे काम करता येईल का?

बहुधा नाही. अमेरिकेत एच-१बी व्हिसा मालकाशी व कामाच्या जागेशी बांधलेला असतो, त्यामुळे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून ठिकठिकाणी काम घेता येत नाही. प्रशिक्षणासाठी मिळणाऱ्या जे-१ व्हिसावरची मायदेशी परतण्याची अट माफ करून घेतली असेल तर ठरलेल्या ठिकाणी तीन वर्षे पूर्णवेळ सेवा द्यावी लागते. एजन्सी होकार देते म्हणून काम सुरू करू नये. एका चुकीच्या शिफ्टने वास्तव्याचा हक्क धोक्यात येऊ शकतो, म्हणून स्वतःच्या स्थलांतर-वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा.

१७. रुग्णालयाने कायम पद देऊ केले तर?

आतून पाहिलेले, तपासलेले पद मिळणे हा या कामाचा मोठा लाभ आहे. पण एजन्सीच्या करारात बहुधा असे कलम असते की ओळख करून दिल्यापासून वर्ष-दोन वर्षांत थेट नेमणूक झाल्यास रुग्णालयाने एजन्सीला ठरावीक रक्कम द्यावी. ती रक्कम मोठी असते आणि तिच्यापायी ठरत आलेल्या नेमणुका अडतात. ती रुग्णालयानेच द्यायची आहे, तुमच्या मोबदल्यातून कापायची नाही, हे लिहून घ्यावे, आणि मुदत केव्हापासून मोजायची तेही.

१८. मी न पाहिलेल्या रुग्णाच्या नोंदीवर सही करायला सांगतात. करावी का?

फिजिशियन असिस्टंट, नर्स प्रॅक्टिशनर किंवा शिकाऊ डॉक्टर जेथे काम करतात तेथे हा प्रश्न हमखास येतो. सही म्हणजे देखरेखीची जबाबदारी. ज्याची क्षमता तुम्हाला ठाऊक नाही अशा सहकाऱ्याच्या रुग्णावर सही करणे कायम डॉक्टरपेक्षा तुमच्यासाठी अधिक जोखमीचे आहे. देखरेख करारात असेल तर शिफ्टच्या आरंभीच ठरवून घ्यावे की कोणत्या लक्षणांचे रुग्ण तुम्ही स्वतः पाहणार, आणि नोंदीत 'रुग्ण पाहिला' की 'चर्चा केली' हे खरे तेच लिहावे. शिफ्ट संपल्यावर, शिफ्टमध्ये कोणी विचारलेही नव्हते अशा रुग्णांच्या नोंदींचा गठ्ठा पुढे आला, तर नम्रपणे व लेखी नकार द्यावा.

१९. विभाग असुरक्षित वाटला तर मधेच सोडून जाता येईल का?

शिफ्ट चालू असताना नाही. दुसरा डॉक्टर येऊन रुग्ण हाती घेईपर्यंत थांबणे हे नैतिक आणि बहुतेक ठिकाणी कायदेशीर कर्तव्य आहे. त्या शिफ्टपुरते जे शक्य आहे ते करावे: प्रशासनाच्या जबाबदार व्यक्तीला फोन करावा, काय कमी आहे ते वेळेसह नोंदवावे, आवश्यक तेथे रुग्ण इतरत्र हलवावेत. पुढच्या शिफ्टबाबत मात्र करारातील सूचना-मुदत लागू होते. म्हणूनच रुग्णसुरक्षेच्या गंभीर कारणास्तव तात्काळ माघार घेता येईल, असे वाक्य करारात आधीच असावे. तक्रार करताना व्यक्तींवर आरोप न करता परिस्थिती लिहावी: त्या रात्री किती रुग्ण होते, किती परिचारिका होत्या, कोणते उपकरण बंद होते. असे पत्र वाचले जाते आणि मागे राहणाऱ्या सहकाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो.

२०. तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या रुग्णालयातून नोटीस आली आहे आणि मला रुग्ण आठवतही नाही. काय करावे?

सर्वप्रथम, त्या काळात ज्या पॉलिसीत तुमचे नाव होते त्या विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. उशिरा कळवणे हे संरक्षण नाकारण्याचे कारण होऊ शकते. म्हणूनच प्रत्येक करारासोबतचे विम्याचे प्रमाणपत्र, करार कितीही लहान असला तरी, कायम जपून ठेवावे. एजन्सीकडून ते नंतर मिळेलच याची खात्री नसते.

रुग्णाची कागदपत्रे स्वतःहून मागवू नयेत आणि जुना पासवर्ड अजून चालत असला तरी प्रणालीत शिरू नये. करार संपल्यावर त्या नोंदी पाहण्याचा तुमचा अधिकारही संपलेला असतो आणि असा प्रवेश नोंदला जातो. नोंदी वकिलामार्फत मागवता येतात. भविष्यात कामी येईल म्हणून रुग्णांच्या नोंदींच्या प्रती काम चालू असतानाही घरी नेऊ नयेत, कारण तो गोपनीयतेचा भंग आहे. तेथल्या जुन्या सहकाऱ्यांशी फोनवर किंवा संदेशातून त्या रुग्णाबद्दल बोलू नये, कारण तो संवाद पुढे पुरावा म्हणून मागितला जाऊ शकतो.

रुग्ण आठवत नाही यात गैर काही नाही. अशा वेळी तुमच्या बाजूने उभी राहते ती त्या रात्री तुम्ही लिहिलेली नोंद. कोणत्या शक्यता मनात होत्या, कोणती का वगळली, रुग्णाला परत केव्हा यायला सांगितले आणि हँडओव्हर कोणाला, किती वाजता दिला, हे चार-पाच ओळींत लिहिलेले असेल तर वकिलाला काम करायला आधार मिळतो. कायम डॉक्टरच्या नोंदीतील त्रुटी भरून काढायला त्याची आठवण, त्याचे सहकारी आणि विभागाची रूढ पद्धत असते. करारावरच्या डॉक्टरजवळ यांपैकी काही नसते, म्हणून त्याने शिफ्ट संपल्यावर नोंद लिहिण्याची वीस मिनिटे कधीही वाचवू नयेत.